आर्डिसचं आवरलेलं गॅरेज

तीन आठवड्यांनी घरी परतलेल्या बाईला आधी घरात तरी जाऊ द्यावं, दोन घोट कॉफी तरी पिऊ द्यावी. पण कर्टिसला दम कुठला धरवतोय! त्याने गाडी थेट गॅरेजसमोर थांबवली, आईला आधार देऊन उतरवलं, तिच्या हातात वॉकर दिला आणि म्हणाला, आता डोळे मिट. बहात्तर वर्षांची बाई, गुडघा नवा बसवलेला, पायाखाली उतार, आणि हा लेक तिला डोळे मिटायला सांगतोय. आर्डिस कोस्केलाने डोळे मिटले नाहीत. गॅरेजचं दार घरघरत वर गेलं तेव्हा ती टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होती.

गॅरेज रिकामं झालं होतं. भिंती पांढऱ्या, जमिनीला राखाडी रंग आणि वर दवाखान्यासारखी चकाकी. एका भिंतीवर तिचे पाने, पकडी आणि हातोडे उंचीप्रमाणे टांगलेले, शाळेत पोरांना उभं करतात तसे. दुसऱ्या भिंतीशी साठ पारदर्शक खण, प्रत्येकावर छापील चिठ्ठी. बोल्ट, मोठे. बोल्ट, मध्यम. बोल्ट, लहान. वायसर. स्प्रिंगा. आणि मधोमध तिची गाडी, धुऊनपुसून उभी. वीस वर्षांत त्या गाडीने आतून ते गॅरेज पाहिलं नव्हतं.

"काय, कसं वाटतंय?" कर्टिस म्हणाला.

आर्डिसने साठही खणांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "वेगळं दिसतंय."

आता उत्तर मिनेसोटात, त्यातही आमच्या खाणींच्या पट्ट्यात, 'वेगळं दिसतंय' म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. लग्नात कुणी नवरीच्या पोशाखाला वेगळा म्हटलं तर ती नवरी त्या माणसाशी वर्षभर बोलत नाही. त्याहून वाईट शब्द आमच्याकडे तोंडावर बोलायची रीतच नाही. पण कर्टिस डुलुथ शहरात राहायला गेल्याला बावीस वर्षं झाली म्हणून विसरला, की त्याने ऐकूनही कानाआड केलं, देव जाणे. तो आपला खूश. ही तुला वाढदिवसाची भेट, म्हणाला. ब्रियाना नावाची एक मुलगी आहे, लोकांची घरं आवरून देण्याचाच तिचा धंदा आहे, तिने तीन दिवस राबून हे केलं. सगळं सामान बाहेर काढून तीन ढीग केले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. ज्याला वर्षभर हात लागला नाही ते टाकायचं, असा तिचा नियम.

"आणि डबे?" आर्डिसने विचारलं.

"कुठले डबे?"

"कॉफीचे. खिडकीखालच्या फळीवरचे."

ते होय, तो हसला. ते गंजके डबे भंगारात गेले. पण काळजी करू नकोस, आतलं काहीही टाकलं नाही. एकेक नट, एकेक स्क्रू काढून ब्रियानाने पद्धतशीर वेगळा करून ठेवलाय. आता तुला हवं ते डोळे झाकून सापडेल.

आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय तरी कसला, अजून सुजलेलाच होता.

त्या डब्यांचं असं होतं. आर्डिसने सत्तावीस वर्षं लोखंडाच्या खाणीच्या दुरुस्ती विभागात काढली. ती तिथे लागली तेव्हा तिथल्या पुरुषांनी तिच्या जेवणाच्या डब्यात ग्रीस भरून ठेवलं होतं. ती निवृत्त झाली तेव्हा तेच पुरुष बिघडलेल्या पंपाशी उभे राहून 'आर्डिसला बोलवा' म्हणत होते. निवृत्तीनंतर हात रिकामे राहीनात म्हणून तिने बर्फ उडवायची मशीनं दुरुस्त करायला घेतली. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरी असलं एक मशीन आहे. ते नसेल तर जानेवारीत माणूस दारातून बाहेर निघणार नाही. सप्टेंबर लागला की लोक आपापलं मशीन ढकलत तिच्याकडे आणून टाकत. ती ते खोलायची, आणि त्या मशीनचा प्रत्येक नट, स्प्रिंग, कार्बोरेटरची सुई, सगळं एका डब्यात. एक मशीन, एक डबा. डब्यावर नाव नसायचं, कारण गरजच नव्हती. फळीवर डबे घरांच्या क्रमाने मांडलेले असत. डावीकडून पहिला डबा कोपऱ्यावरच्या लुडीचा, दुसरा टुओमींचा, असं करत थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. ती फळी म्हणजे आमचा रस्ताच होता.

यंदा नऊ मशीनं आली होती. नऊच्या नऊ तिने खोलून ठेवली, नवे सुटे भाग मागवले, आणि तेवढ्यात गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दीड महिना अलीकडे आली. दुसऱ्या कुणी तरी रद्द केली होती म्हणे. तिने म्हटलं, ठीक आहे, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत येते, स्टुलावर बसून आठ दिवसांत नऊ मशीनं जोडते, बर्फाच्या आत सगळ्यांची दारात पोचवते. तसा शब्द दिला होता तिने रस्त्याला.

आणि आता नऊ मशीनं मागच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली सांगाड्यासारखी उभी, आणि त्यांची आतडी साठ खणांत प्रकारवार लावलेली. स्टूलही गेलं होतं. रस्त्याच्या कडेला 'फुकट' अशी पाटी लावून ठेवलेलं, ते दुपारपर्यंत कुणी तरी नेलं. याला आवरणं म्हणतात! अहो, आवरलेलंच होतं ते! एका बाईने वीस वर्षं डोक्यात धरलेली व्यवस्था तीन दिवसांत विस्कटून टाकली, आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या.

पण हे ती कर्टिसला बोलली नाही. बोलायला हवं होतं, हे मी म्हणते. पण आमच्याकडे भेट दिलेल्या माणसाला असं बोलत नाहीत. भेट आवडली नाही तर ती कपाटात ठेवतात आणि तो येणार असेल तेव्हा बाहेर काढतात. गॅरेज कुठल्या कपाटात ठेवणार? तिने 'कॉफी ठेव' एवढंच सांगितलं.

कर्टिस मंगळवारी संध्याकाळी गेला, शनिवारी किराणा घेऊन येतो म्हणून. बुधवारपासून शेजारी यायला लागले.

पहिली बेव्ह टुओमी. हातात हॉटडिशचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या खिमा-भाजीचा, मोठा काचेचा ट्रे, वर तळलेल्या बटाट्याचा थर. तिने गॅरेज बघून तोंडभर कौतुक केलं, माझ्या नवऱ्याला दाखवते म्हणाली, फोनवर फोटो काढले. गुडघ्याची चौकशी केली, आपल्या बहिणीच्या गुडघ्याचं सगळं सांगितलं. आणि निघता निघता, कोट घालताना, पाठ फिरवून म्हणाली, आमचं मशीन घेऊनच जाते. दुकानात दाखवते. तू आता आराम कर.

आर्डिसला वाटलं, शब्द ऐकण्यात चूक झाली. ती म्हणाली, मी आठ दिवसांत देते. बेव्ह म्हणाली, अगं नको नको, तुला कशाला त्रास. आणि तिचा नवरा मागून येऊन ताडपत्रीखालचा सांगाडा गाडीत घालून घेऊनही गेला. सुटे भाग न मागता! विचारलंही नाही त्याने. बर्फाच्या मशीनचं धूड घेऊन गेला आणि त्याचं काळीज इथे तीन-चार खणांत विखुरलेलं.

गुरुवारी टाकीशेजारचे आले. शुक्रवारी त्यांच्या समोरचे. त्यांनीही तेच: कौतुक, गुडघा, एक खायचा पदार्थ, आणि कोट घालता घालता मशीन. तिघांचीही भाषा एकच, जणू एकाच पुस्तकातून पाठ केलेली. तू आता आराम कर. आर्डिसच्या फ्रीजमध्ये तीन हॉटडिश झाले आणि मागच्या अंगणात सहाच मशीनं उरली.

शुक्रवारी दुपारभर ती गॅरेजात एका उलट्या बादलीवर बसून होती. स्वतःलाच शिव्या देत होती. वाटत होतं, बाई, म्हातारी झालीस, लोकांना ते दिसलं, तुला एकटीलाच दिसलं नाही. खाणीतल्या त्या पुरुषांनी एवढं करूनही तिला कधी असं वाटलं नव्हतं. ते निदान तिला घाबरून तरी होते. हे शेजारी तिची कीव करत होते, आणि कीव केलेली तिला आयुष्यात सहन झाली नाही.

शनिवारी सकाळी लुडी झुपानचिच आला. ऐंशीचा म्हातारा, डोक्यावर कानटोपी, गाडीला ट्रेलर जोडलेला. बायकोने केलेली पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरून वळलेला गोड पाव, कागदात गुंडाळून आणली होती. दहा मिनिटं तो हवेवर बोलला. उद्या रात्रीपासून बर्फ आहे, पंधरा इंच म्हणतात, वारा वायव्येचा. आर्डिस त्या ट्रेलरकडे बघत होती. हा लुडी! ह्याचं मशीन तिने सतरा वर्षं चालू ठेवलं होतं. ते इतकं जुनं की बनवणारी कंपनीही उरली नव्हती.

लुडीने गळपट्टा बांधायला घेतला आणि म्हणाला, "मी म्हणतो, ते माझं मशीन..."

"तूसुद्धा आराम कर म्हणणार असशील तर तोंड उघडू नकोस," आर्डिस म्हणाली.

गळपट्ट्याची गाठ लुडीने दोनदा बांधली, दोनदा सोडली. मग टोपी काढून हातात घेतली. लुडीच्या डोक्याचा चकाकता भाग बघायला मिळणं ही आमच्याकडे गंभीर गोष्ट.

"कर्टिसचा फोन आला होता," तो म्हणाला.

फोन सगळ्यांनाच गेला होता. नऊच्या नऊ घरी. आई हे काम आता बंद करतेय, पण तिला तोंडावर नाही म्हणता येत नाही, तेव्हा तुम्ही विषय काढू नका. गुपचूप आपापलं मशीन घेऊन जा. तिच्यावर उपकार होतील.

आर्डिसने पोतित्सा टेबलावर ठेवली. चार दिवस ती स्वतःला मोडीत काढत होती, शेजाऱ्यांना मनातल्या मनात कृतघ्न म्हणत होती, आणि हे सगळं कारस्थान पोटच्या पोराचं! बरं, तिला नाही म्हणता येत नाही, हे जगजाहीर सांगून! आणि तिला नाही म्हणता येत नाही हे ओळखून तिच्या नावाने नाही म्हणून मोकळा!

तिने लुडीला सांगितलं, मशीन इथेच राहील, ट्रेलर रिकामा घेऊन जा. कर्टिस एक वाजता येतोय, हवं तर थांब. लुडी थांबला नाही. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आमच्याकडे कुणी उभं राहत नाही, तो तर टोपी उलटीच घालून निघाला. पण ट्रेलर रिकामा घेऊन गेला.

मग आर्डिसने कपाटातून एक जुनी दुहेरी चादर काढली. गाडीच्या पुढे जी काय जागा होती तिथे अंथरली. वॉकर बाजूला ढकलला, एका हाताने फळी धरली आणि पहिला खण ओढला. बोल्ट, मोठे. उपडा केला. मग मध्यम. मग लहान. वायसर पावसासारखे वाजत पडले, स्प्रिंगा उड्या मारत गाडीखाली गेल्या. साठ खण होते. चाळिसाव्याला गुडघ्यातून कळ आली तेव्हा ती दोन मिनिटं थांबली, आणि उरलेले वीसही उपडे केले. चिठ्ठ्या तशाच राहिल्या, रिकाम्या खणांवर.

कर्टिस एकच्या ठोक्याला आला. दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या. दारात येऊन तो थिजला.

"आई, हे काय केलंस?"

"आवरते आहे."

त्याने पिशव्या खाली ठेवल्या. ब्रियानाला तीन दिवस लागले होते, म्हणाला. आर्डिसने ढिगातून दोन बोल्ट उचलले, दोन्ही सारख्या लांबीचे, आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

"यातला तुटायचा कुठला?"

त्याला कळेना.

"यातला एक मऊ असतो. मशीनमध्ये बर्फाचा दगड अडकला की तो तुटतो, म्हणून गिअर वाचतो. त्याच्या जागी दुसरा घातला तर गिअर फुटतो, मशीन भंगार. तुझ्या त्या पोरीने दोन्ही एका खणात घातले. लांबी सारखी म्हणून."

"तिला कसं माहीत असणार?"

"तिला नसेल. मला आहे. कानस एकदा फिरवली की मला कळतं. मला विचारलं का कुणी?"

कर्टिस खाली बघत म्हणाला, तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

"आणि शेजाऱ्यांना फोन केलेस, तेही धक्का द्यायलाच?"

आता त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. पण खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. तो तिथेच गाडीला टेकून उभा राहिला आणि जे मार्चपासून पोटात ठेवलं होतं ते एका दमात बोलला. हे गॅरेज मशीनांनी भरलेलं म्हणून तुझी गाडी बाहेर. गाडी बाहेर म्हणून रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायला तू बाहेर. म्हणून मार्चमध्ये तू घसरलीस. उणे वीसमध्ये चाळीस मिनिटं पडून होतीस. मला दुपारी कळलं. मी मीटिंगमध्ये होतो, फोन बंद होता. तेव्हापासून सकाळी सात वाजले की मला घाम फुटतो. मला एवढंच हवं होतं की गाडी आत असावी.

आर्डिसने ऐकून घेतलं. त्याचा आवाज फाटला होता आणि तिला तो आठ वर्षांचा असतानाचा दिसला, हे खरं. पण राग गेला नाही. राग आणि माया एकाच वेळी येतात, त्यात काय मोठं! तिने बादली ओढली आणि बसली.

"चाळीस मिनिटांनी मला कुणी उचललं?"

"लुडीने."

"तो का आला होता?"

कर्टिसने नजर दाराकडे वळवली.

"त्याचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून आला होता. दारात मी दिसले नाही म्हणून गाडीमागे बघायला गेला. मशीन नसतं तर तो आला असता? बेव्ह येते, टाकीवाले येतात, सप्टेंबर ते एप्रिल रोज कुणी ना कुणी या दारात उभं असतं. तू फोन करून त्या नऊ माणसांना सांगितलंस की आता येऊ नका. गाडी आत ठेवलीस आणि रस्ता बाहेर काढलास. पुढच्या वेळी मी पडले तर मला कोण शोधणार, कर्टिस? तुझे खण?"

कर्टिसने हातातले दोन बोल्ट बघितले, उलटेसुलटे केले, पण त्याला त्यात काहीच वेगळं दिसेना. पन्नाशीचा माणूस, आणि डोळे भरून आलेले. मग म्हणाला, मी सगळ्यांना परत फोन करतो.

"तू नाही. मी करणार. बेव्हला सांगणार की मला नाही म्हणता येतं, आणि पहिलं नाही तुला म्हटलंय. तू गाडी बाहेर काढ. उद्या रात्री बर्फ आहे आणि लुडीचं मशीन मला उद्या संध्याकाळपर्यंत जोडायचंय."

बाकीच्या पाच मशीनांचं काय, ती वेळेत होणार नाहीत, हे दोघांनाही दिसत होतं. गेलेली तीन परत येतील की दुकानदाराने नवी गळ्यात मारली असतील, तेही माहीत नव्हतं. यंदाच्या बर्फात रस्त्यावरची निम्मी माणसं फावडी घेऊन उभी राहणार होती, आणि तिचा शब्द मोडणार होता. ते तिला कर्टिसला ऐकवायचं होतं. पण तिने ऐकवलं नाही.

कर्टिसने खिळ्यावरची किल्ली घेतली. गाडीचं दार उघडून तो अर्धा आत, अर्धा बाहेर थांबला.

"आणि सोमवारी सकाळी गाडीवर पंधरा इंच बर्फ असेल तेव्हा? मी डुलुथमध्ये असेन. मला काळजी वाटेल, आई."

"वाटू दे," आर्डिस म्हणाली. "काळजी तुझी आहे, ती तुझ्याकडे ठेव. गॅरेज माझं आहे."

त्याने गाडी सुरू केली आणि हळूहळू मागे घेतली. आर्डिसने चादरीचं टोक धरून ढीग गाडीच्या रिकाम्या जागेत ओढला, चष्मा पुसला आणि कानस हातात घेतली.